डी. एन. रोडच्या कमानींखालून चालताना वर बघितलंय का कधी?

फोर्टची_मीरा (सोमवार, रात्री ९:५०)

मंडळी, गेली अकरा वर्षं रोज बोरीबंदरला उतरते आणि डी. एन. रोडने (दादाभाई नवरोजी रोड, मुंबईच्या फोर्ट भागातला) चालत फाउंटनच्या पुढे ऑफिसला जाते. (कागदोपत्री सीएसएमटी लिहिते, पण आजी बोरीबंदर म्हणायची तेच तोंडात बसलंय.) गेल्या आठवड्यात संध्याकाळी धो धो पाऊस, छत्री घरी, म्हटलं आता भिजायचंच, पण स्टेशनसमोर पोचले तेव्हा जवळपास कोरडी होते, गल्ल्या ओलांडताना काय भिजले तेवढंच. कारण तिथे जाणाऱ्या सगळ्यांना माहितीये, तळमजल्याला कमानींखालून वाट आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की ही वाट आली कुठून? इतक्या वेगवेगळ्या मालकांच्या इमारती, एकीचा चेहरा दुसरीशी जुळत नाही, मग खाली मात्र सगळ्यांनी ठरवून एकच पडवी काढल्यासारखं कसं काय?

मग वाचत बसले. हा पूर्वीचा हॉर्नबी रोड, १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबीच्या नावाचा. १८९६ साली नियम आला की या रस्त्यावर बांधायचं तर तळमजल्यावर पायी चालणाऱ्यांसाठी कमानींची वाट ठेवायलाच हवी. वर काय हवं ते करा. आणि लोकांनी वर खरंच हवं ते केलंय, कुणी टोकदार गॉथिक कमानी, कुणी ग्रीक-रोमन खांब, वाच्छा अग्यारी तर सरळ इराणी धाटणीची. जे. एन. पेटिट लायब्ररीची इमारत १८९८ ची, म्हणजे नियमानंतर दोनच वर्षांनी झालेली, तिच्या रंगीत काचा रस्त्यावरून कळतच नाहीत, आत गेलं आणि ऊन असलं की मग कळतं.

एवढी मोक्याची जागा, फुटाफुटाला पैसा, आणि त्या जागेच्या पोटातून चालणाऱ्या माणसाला वाट ठेवायला लावली. वरच्या नक्षीपेक्षा मला ती वाट मोठी वाटते. आता त्याच कमानींवर प्लास्टिकचे बोर्ड, एसीची यंत्रं, वायरींचे गुंते, खोके. जीव तुटतो बघून. तुम्ही तिथे जाता का? काय काय बघितलंय, कोणती इमारत आवडते, सांगा ना.

जुना_गिरगावकर

मीरा, धागा वाचून फार बरं वाटलं. मी ३४ वर्षं फोर्टात बँकेत होतो. आमच्या घरी फोर्ट म्हणतच नसत, वडील म्हणायचे कोटात जाऊन येतो. कोट पडून शंभर वर्षं झाली होती तरी शब्द टिकला होता. खराखुरा तट होता तिथे, खंदकासकट, आणि तीन मुख्य दरवाजे, अपोलो गेट, चर्चगेट आणि बझार गेट. १८६२ मध्ये बार्टल फ्रियर गव्हर्नर झाला आणि त्याच्या काळात तट पाडला. त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१ ते ६५), तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा नुसता ओतला. युद्ध संपल्यावर १८६५ ला सगळं धाडकन कोसळलं, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, पण तोवर नव्या शहराचा आराखडा ठरलेला होता. म्हणून मी नेहमी म्हणतो, विदर्भ-खानदेशातल्या काळ्या मातीचा वाटा आहे या दगडांत.

चर्चगेट म्हणजे स्टेशन नव्हे हं, दरवाजा होता तो सेंट थॉमस कथेड्रलकडे (१७१८) जाणारा, आणि जिथे दरवाजा होता तिथेच आज फ्लोरा फाउंटन आहे. ते कारंजं १८६४ चं, मुळात राणीच्या बागेसाठी करायला घेतलेलं.

तिथली ट्राम मला आठवते. ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली, मी नऊ वर्षांचा. काही वर्षांपूर्वी कारंज्याच्या दुरुस्तीचं काम चाललं होतं तेव्हा खोदताना ट्रामचे रूळ निघाले, मी मुद्दाम लोकलने जाऊन बघून आलो. रुळांच्या मधले काळे दगडी चौकोन तस्सेच होते. बराच वेळ उभा होतो तिथे.

सह्याद्री_नीलेश

काका, सुंदर. फक्त एक विनंती आहे, फाउंटन म्हणताना हुतात्मा चौकही म्हणूया. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं तिथेच पडली. माझे आजोबा त्या मोर्चात होते. ते कारंज्याकडे बघायचेच नाहीत, आधी मशालवाल्या शेतकरी-कामगारांसमोर हात जोडायचे आणि मग पुढे चालायचे.

जुना_गिरगावकर

नीलेश, अगदी बरोबर, चूक मान्य. बसच्या कंडक्टरची हाक कानात आहे म्हणून फाउंटन येतं तोंडात. आजोबांना माझा नमस्कार सांग, असतील तर.

सह्याद्री_नीलेश

गेले २०११ ला. पण धन्यवाद काका.

रेवा_आर्किटेक्ट

मीराताई, विषय माझ्या कामाचा आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

बोर्डांबद्दल. मुंबईत १९९५ मध्ये हेरिटेजची नियमावली आली, देशातल्या शहरांमध्ये पहिली. पण यादीत नाव आलं म्हणून दुकानदार बोर्ड काढत नाही. डी. एन. रोडवर नव्वदच्या दशकाच्या शेवटी वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जे काम केलं ते मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. सांगणं साधं होतं, बोर्ड लावा, जरूर लावा, पण कमानीच्या आतल्या मापात लावा, कमानीचा वरचा गोल आणि खांबांची डोकी झाकू नका. रस्त्यावरचे दुकानदार आणि ऑफिसवाले त्यात सामील झाले, दिवे-बाकडी-पाट्या यांचाही विचार झाला, आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांमध्ये या कामाला गौरव मिळाला. मीराताईंना आज जे दिसतंय त्यात नवे भाडेकरू आले की नवे बोर्ड येतात हे खरं आहे. एकदा करून सोडून द्यायचं कामच नाही हे, घराची शाकारणी कशी दरवर्षी करावी लागते तसं आहे.

आता दगडाबद्दल. मुंबईच्या या काळातल्या इमारतींमध्ये पिवळसर मालाडचा दगड, कुर्ल्याचा दगड, काळा बेसाल्ट, आणि बारीक कोरीव कामाला पोरबंदरचा मऊ चुनखडीचा दगड असं मिश्रण सापडतं. भिंती बांधल्यात चुन्यात, घाणीत (चुना मळायच्या चक्कीत) मळलेल्या. पाणी आत गेलं तरी चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडायला वाट असते. आपण काय करतो, तडा गेला की सिमेंट थापतो, डाग पडला की ऑइलपेंट मारतो. पाण्याची वाट बंद. ते मग दगडातूनच बाहेर पडायला बघतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मी अशा एका इमारतीवर काम केलंय जिथे खांबावरचं पानाफुलांचं काम हातात भुग्यासारखं आलं, आणि ते नव्वद वर्षं पावसात नीट होतं, गेल्या वीस वर्षांत रंगाखाली मेलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बोराबाजारचा_मुलगा

सगळ्यांचं वाचलं. थोडी दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका.

बोरा बाजाराच्या आतल्या गल्लीत वडिलांचं स्टेशनरीचं दुकान होतं, वर आम्ही राहायचो. पागडीची जागा (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन घेतलेली भाड्याची जागा). डी. एन. रोड दगडी आहे, आमच्या मागच्या गल्ल्या लाकडी आहेत, सागवानी तुळया, पुढे आलेले लाकडी सज्जे, वर कौलं. पर्यटक तिथे येऊन फोटो काढतात आणि म्हणतात किती सुंदर. पावसाळ्यात रात्री आई कुठल्या खोलीत कोणी झोपायचं ते ठरवायची कारण एका खोलीची तुळई खाली आली होती आणि तिला तीन टेकू होते. मी त्या टेकूला पाठ टेकून दहावीचा अभ्यास केलाय.

दुरुस्ती का नाही केली विचाराल. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. त्या वेळी गरज होती, फाळणीनंतर माणसं रस्त्यावर होती, भाडेकरूंना त्या कायद्याने वाचवलं, आम्हालाही वाचवलं. पण सगळ्या भाडेकरूंचं महिन्याचं भाडं मिळून एका गवंड्याची दोन दिवसांची मजुरी निघत नव्हती. मालक म्हणायचा मी कशातून करू. आम्ही म्हणायचो पागडी घेतलीस ना. दोघांचंही बरोबर होतं आणि तुळई तेवढ्यात आणखी बोटभर खाली यायची.

वॉटसन हॉटेल माहीत असेल, एस्प्लनेड मॅन्शन, काळा घोड्याजवळ, सगळा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणून १८६९ च्या सुमाराला उभा केलेला. ७ जुलै १८९६ ला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी तिथेच पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली (मीराताईंचा कमानीचा नियमही त्याच वर्षीचा!). २००५ मध्ये तिचा भाग कोसळून माणूस गेला. २०१९ ला रिकामी केली. त्या बातम्या आल्या की आमच्या घरी कोणी बोलत नसे. म्हणून म्हणतो, वारसा म्हणताना आत कोण झोपलंय तेही धरा.

फोर्टची_मीरा

राग कशाला मानू. मी अकरा वर्षं त्या गल्ल्यांच्या तोंडावरून गेले आणि आत वळले नाही, हे आत्ता लक्षात आलं. टेकूला पाठ लावून अभ्यास, हे डोळ्यांसमोरून जात नाहीये. दुकान अजून आहे का?

बोराबाजारचा_मुलगा

दुकान आहे, काका चालवतात. आम्ही २००९ ला डोंबिवलीला आलो. इमारतीचं मजबुतीकरण झालं थोडं, लोखंडी चॅनल घातलेत. सज्जा अजून मूळचा आहे.

रेवा_आर्किटेक्ट

@बोराबाजारचा_मुलगा, तुमचं शंभर टक्के पटलं. आमच्या क्षेत्रात दर्शनी भागावर पैसा लवकर मिळतो, मागच्या तुळईला मिळत नाही. आणि ऐतिहासिक म्हणून बघितलं तरी बझार गेटकडचा तुमचा भाग कोटाच्या आतल्या जुन्या देशी वस्तीचा, डी. एन. रोडच्या दगडी दर्शनाच्या कितीतरी आधीचा. फेब्रुवारी १८०३ मध्ये फोर्टात प्रचंड आग लागली, त्यात जुनी वस्ती खूप जळाली. नंतर बांधताना जे लाकूडकाम झालं त्याची परंपरा तुमच्या सज्जात आहे.

गणबाची_गल्ली

देशी वस्तीचं निघालं म्हणून. तिथेच गनबो स्ट्रीट आहे, आता रुस्तम सिधवा मार्ग. लोकांना वाटतं गन म्हणजे बंदूक. बंदुकीशी काही संबंध नाही, तो आपला गणबाशेट! नाना शंकरशेटांचे पूर्वज, कोटात येऊन व्यापार करणारे. नावाचा उच्चार साहेबाच्या तोंडी असा झाला आणि तसाच पाटीवर चढला. नानांचा संगमरवरी पुतळा बघायचा असेल तर टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात, हॉर्निमन सर्कलसमोरच्या त्या तीस पायऱ्या चढून आत.

चालत_चालत

रच्याकने, हे वाचून इटलीतून लिहितोय. बोलोन्यात शिकायला आहे. इथे अख्ख्या शहरात अशाच कमानींखालच्या वाटा आहेत, एकूण ६२ किलोमीटर, आणि २०२१ मध्ये त्यांना जागतिक वारशात घेतलं. इथेही नियमच होता, १२८८ चा, की घर बांधाल तर वाट ठेवा. पहिल्या दिवशी पावसात त्याखालून चालताना मला आईबरोबर डी. एन. रोडवरून गणवेशाचं कापड आणायला गेलेलो ते आठवलं आणि घरची इतकी आठवण आली की तिथूनच फोन केला. इथे लोक कमानीखाली खुर्च्या टाकून बसतात, दुकानं आहेत, सायकली आहेत, म्हणजे रिकामी ठेवली म्हणून टिकली असं नाहीये.

स्वच्छ_मुंबई_८२

तिथे खुर्च्या, आपल्याकडे पथाऱ्या. खरं सांगा, संध्याकाळी सहाला त्या वाटेने चालता येतं का? माझ्या आईला गुडघ्याचा त्रास, तिला घेऊन जाताना मोबाइलच्या कव्हरांचे ढीग, त्यात गर्दी, शेवटी रस्त्यावर उतरलो गाड्यांमध्ये. वाट चालणाऱ्यासाठी होती ना? मग चालणाऱ्याला मिळू दे. सगळे फेरीवाले हलवले पाहिजेत, माझं स्पष्ट मत.

पुस्तकवेडी_शमा

आईंना त्रास झाला ते वाईटच. पण सगळे हलवा हे मला नाही पटत. कॉलेजात होते तेव्हा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं घेऊन बसायचे ते लोक. मोल्सवर्थचा मराठी कोश मी तिथून घेतला, हप्त्यात! विक्रेता म्हणाला निम्मे आज दे, निम्मे पगार झाल्यावर, शिकवणीचा पगार होता माझा. तो कोश आज माझ्या टेबलावर आहे. ते बहुतेक विक्रेते हलवले, आता मोजकेच दिसतात आणि त्या जागेवर गाड्या उभ्या असतात, गाड्यांना कोण काही बोलत नाही. ठरलेल्या मापात, एका बाजूला, चालायला सहा फूट सोडून बसू द्या.

जुना_गिरगावकर

दोघींचं/दोघांचं ऐकलं. माझ्या मते शमाचं माप बरोबर आहे. १८९६ च्या नियमात तेच तर होतं, धंदा कर, मजले चढव, पण एवढी वाट सोड.

स्वच्छ_मुंबई_८२

सहा फूट खरंच मिळाले तर माझी ना नाही. आईला घेऊन परत जाईन.

अनिकेत_पेणवाला

मी पेणचा, मुंबईत कामापुरतं येणं होतं. धागा दोनदा वाचला. कधी यावं आणि कुठून सुरू करावं कुणी सांगेल का? मुलगी आठवीत आहे, चित्रं काढते, तिला घेऊन यायचंय.

रेवा_आर्किटेक्ट

रविवारी सकाळी सातला या, दुकानं बंद असतात त्यामुळे शटरवरच्या कमानी पूर्ण दिसतात आणि ऊन तिरपं असतं. क्रॉफर्ड मार्केटपासून सुरू करा (१८६९, आता महात्मा जोतिबा फुले मंडई), दारावरची शेतकऱ्यांची कोरीव चित्रं बघा, ती जे. जे. कला महाविद्यालयात शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगची. मग पुढे स्टेशन. मुलीला सांगा की स्टेशनवरचे मोर, माकडं, पानं जे. जे. च्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. स्टेशनचा आराखडा करणाऱ्या फ्रेडरिक स्टीव्हन्सचं नाव सगळ्यांना माहीत असतं (१८७८ ते ८८ दहा वर्षं काम चाललं), पण त्याच्या हाताखाली देखरेखीला सीताराम खंडेराव होते, हेही तिला सांगा. समोर महापालिका, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३. पलीकडे कॅपिटॉलची इमारत, १८७९ साली गेटी नावाचं नाटकगृह म्हणून सुरू झालेली. तिथून कमानींखालून सरळ हुतात्मा चौक.

पाय शाबूत असतील तर डावीकडे वळून सर फिरोजशहा मेहता रोड. तिथे सगळं बदलतं, १९३० नंतरच्या विमा कंपन्यांच्या आर्ट डेको (सरळ रेषा आणि भौमितिक नक्षीच्या शैलीतल्या) इमारती. न्यू इंडिया अॅश्युरन्सची इमारत (ही मात्र महात्मा गांधी रोडवर) मास्टर, साठे आणि भुता या वास्तुविशारदांची, दर्शनी भागावर एन. जी. पानसरे यांचे उंचच उंच पुतळे, कष्टाची कामं करणारी आपली माणसं, कुठली ग्रीक देवता नाही. त्याच तिघांची मेहता रोडवरची लक्ष्मी इन्शुरन्सची इमारत, माथ्यावर लक्ष्मी उभी. चित्रं काढणाऱ्या मुलीला हे दाखवाच.

गणबाची_गल्ली

आणि हॉर्निमन सर्कलला कमानींच्या मध्यावरचे दगड बघा, माणसांची डोकी कोरली आहेत. त्याच गोलात लाल इमारत मुंबई समाचारची, १८२२ पासून निघणारा पेपर. आणि बागेच्या नावाचा बी. जी. हॉर्निमन संपादक होता, जालियनवाला बागेची बातमी दाबू दिली नाही म्हणून १९१९ ला इंग्रजांनी त्याला देशाबाहेर काढलं. त्याआधी एल्फिन्स्टन सर्कल नाव होतं.

फोर्टची_मीरा (बुधवार, सकाळी ७:१५)

मग या रविवारीच जाऊया का सगळे? सात वाजता, मंडईच्या मुख्य दारात. @बोराबाजारचा_मुलगा, तुम्ही आलात तर गल्लीत न्याल का आम्हाला? तुमच्या काकांना चालत असेल तरच.

बोराबाजारचा_मुलगा

काकांना विचारलं. म्हणाले रविवार आहे, दुकान उघडून बसतो, पण फोटो काढण्याआधी वरच्या मजल्यावरच्यांना हाक मारा.

फोर्टची_मीरा (रविवार, दुपारी २:४०)

आत्ता घरी आले. नऊ जण होतो. अनिकेत आणि त्याची मुलगी पेणहून पहाटेची पहिली गाडी धरून आले. स्वच्छ_मुंबई आईंना घेऊन आले, त्या सबंध वाट हळूहळू चालल्या, दोनदा खांबाच्या बैठकीवर टेकल्या.

हॉर्निमनला एक डोकं अर्धं झिजलंय, नाक नाही, पण डोक्यावरची पगडी स्पष्ट आहे. रेवाने बोट ठेवून दाखवलं, तिथे सिमेंट लावलंय. न्यू इंडियासमोर मुलगी अर्धा तास फुटपाथवर बसून चित्र काढत होती, आम्ही थांबलो.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो गल्लीत. काकांनी चहा मागवला. वरच्या आजींना हाक मारली तर त्या म्हणाल्या खालून काय बघता, वर या. सज्जातून खाली बघितलं तर गल्ली केवढीशी, समोरच्या सज्जातल्या बाईंना हात पुढे करून वाटी देता येईल इतकी. आजी म्हणाल्या देतो की आम्ही. रेवाने लोखंडी चॅनल तपासले, एका जागी गंज धरलाय, त्याचा फोटो आणि काय करायचं ते लिहून काकांना दिलंय, कारागीरही ती बघून देतेय. आणि बोराबाजारच्या मुलाने तो टेकू दाखवला. अजून आहे. त्यावर पेन्सिलीने पाढे लिहिलेत.

पुढच्या रविवारी बॅलार्ड इस्टेट, जॉर्ज विटेटने आखलेलं, गोदी खोदताना निघालेल्या भरावावर १९१४ ते १८ मध्ये वसवलेलं. पोर्ट ट्रस्टच्या इमारतीवर दगडी जहाजांची नाकं आहेत ती शोधायची. सात वाजता, हुतात्मा स्मारकापाशी. गिरगावकर काका, ट्रामचं तिकीट जपून ठेवलंय म्हणालात ते आठवणीने आणा.

जुना_गिरगावकर

पाकिटातच ठेवलंय.